खुनी फाटकवाला निघतो, वाचू नका

मी बोलतेय ती वाचनालयातल्या तिसऱ्या कपाटाच्या खालच्या फळीवरून. मी एक ऐतिहासिक रहस्यकादंबरी आहे. तीनशे बारा पानं, पाठीला चिकटपट्टी, कोपऱ्यावर कुणाच्या तरी चहाचा डाग. माझ्या पोटात एक जुना देश आहे, तिथली यादवी नुकतीच संपलीय आणि जिंकलेल्यांपैकी एकेक जण मरून पडतोय. खुनी कोण ते शेवटच्या पाच पानांत कळतं. म्हणजे, कळायला हवं होतं.

छापखान्यात माझ्याबरोबर हजारभर बहिणी छापल्या गेल्या. त्या कुठं कुठं गेल्या देव जाणे. मी या गावी आले.

इथल्या ग्रंथपालबाईंची एक पद्धत आहे. प्रत्येक नव्या पुस्तकाच्या शेवटी त्या एक कोरं पान चिकटवतात. वाचून झालं की त्यावर अभिप्राय लिहायचा. खाली नाव लिहायचं नाही, नुसता व्यवसाय लिहायचा. कारण या गावानंही चाळीस वर्षांपूर्वी यादवी पाहिलीय. नाव वाचलं की घर कळतं, घर कळलं की बाजू कळते, मग पुस्तक राहतं बाजूला आणि भलतंच सुरू होतं. दुसरा नियम असा की एकदा लिहिलेलं खोडायचं नाही.

माझ्या बाबतीत मात्र बाईंची गफलत झाली. माझ्या शेवटी नकाशा आहे. तो झाकला जाऊ नये म्हणून त्यांनी अभिप्रायाचं पान पुढं चिकटवलं, अगदी पहिल्या पानाच्याही आधी.

सुरुवातीला मजेत चाललं होतं. दंतवैद्यांनी लिहिलं, "पान ८८. असा दात कुणी उपटत नाही. बाकी ठीक." केशकर्तनवाल्यांनी लिहिलं, "यातला न्हावी अर्धा तास गप्प राहतो. हे पटलं नाही." शाळामास्तरांनी शुद्धलेखनाच्या सतरा चुका शोधल्या आणि यादी वेगळी जोडली. माणसांचं हे एक मी बघून ठेवलंय. लेखकानं आख्खा देश चुकीचा रंगवला तरी चालतो, आपल्या धंद्याला धक्का लागलेला खपत नाही.

मग एक आजोबा मला काखोटीला मारून घरी घेऊन गेले. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी मला तीन दिवसांत वाचून काढलं. मधूनमधून आजींना मोठ्यानं वाचून दाखवत. आजी वाटाणे सोलत हूं हूं करत. शेवटच्या पानावर आजोबांनी मला असं फाडकन मिटलं की माझी शिवण उसवली.

"फाटकवाला! खुनी फाटकवाला निघाला!"

"अहो, मग काय झालं? गोष्टच आहे ती."

"अगं, गाव काय म्हणतं ते ठाऊक आहे ना तुला?"

आजींनी वाटाणे बाजूला ठेवले. मग दोघांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. आजोबा जन्मभर रेल्वेच्या फाटकावर होते. यादवीच्या शेवटच्या दिवशी रुळांपलीकडची माणसं जीव घेऊन इकडं धावत होती आणि आजोबांनी फाटक पाडलं. पलीकडची कितीतरी माणसं सैनिकांच्या हाती सापडली. गाडी येत होती, असं आजोबा सांगतात. पण ती लष्कराची मालगाडी, शिट्टी न वाजवता गेलेली, तिची नोंद कुठंच नाही. गाव म्हणतं, गाडीबिडी काही नव्हती, यानं मुद्दाम अडवलं. तोंडावर कुणी बोलत नाही. फक्त आजोबा दुकानात शिरले की चाललेलं बोलणं थांबतं. चाळीस वर्षं थांबतंय.

आजोबांनी रागारागानं पहिल्या पानावर लिहिलं, "खुनी फाटकवाला निघतो. वाचू नका." खाली सही केली, "निवृत्त". कशातून निवृत्त, ते लिहिलं नाही.

झालं! माझं वाटोळं झालं. जो तो मला उचले, पहिलं पान उघडे, हसे आणि परत ठेवून देई. शेजारच्या पाककृतींच्या पुस्तकाला उसंत नव्हती, आणि मी धूळ खात पडलेली. दोन वर्षं कुणी नेलं नाही तर पुस्तक दाराजवळच्या खोक्यात जातं आणि तिथून रद्दीत. माझे बावीस महिने भरले होते.

अशात एक शिवणकामवाल्या ताई आल्या. लहानपणी गाव सोडलेलं, तीन वर्षांपूर्वी मशीन घेऊन परतलेल्या. त्यांनी पहिलं पान वाचलं आणि चक्क खूश झाल्या.

"बरं झालं बाई, आधीच कळलं. नाहीतर माझा जीव टांगणीला लागतो आणि भलताच कपडा कापला जातो."

मशीनला टेकवून त्यांनी मला वाचलं. निळ्या दोऱ्याचा एक तुकडा अजून माझ्या पानांत अडकलाय. शेवटाला आल्या, नाक मुरडलं आणि पेन घेतलं.

"कादंबरी छान. शेवट पटला नाही. लेखकानं फाटक जवळून पाहिलेलं दिसत नाही. यादवीच्या शेवटच्या दिवशी मी सात वर्षांची होते. आईचा हात सोडून पाडलेल्या फाटकाखालून वाकून पळत सुटले. फाटकवाला धावत आला आणि कॉलर धरून त्यानं मला मागं ओढलं. फ्रॉक टर्रकन फाटला. मी भोकाड पसरणार तेवढ्यात समोरून मालगाडी गेली, शिट्टीसुद्धा न वाजवता. तो माणूस आता आहे की नाही, कोण जाणे. पण फाटकवाला म्हटलं की मला तो आठवतो. शिवणकाम."

कुणाच्या अक्षराखाली आपण हे लिहितोय, याचा त्यांना पत्ताही नव्हता. मला होता! पण पुस्तकानं ओरडायचं कसं?

ओरडावं लागलं नाही. ग्रंथपालबाई परत आलेल्या पुस्तकातला प्रत्येक अभिप्राय वाचतात. त्यांनी माझं पान दोनदा वाचलं. दुकानात गप्प होणाऱ्यांपैकी त्याही एक होत्या. भर दुपारी वाचनालयाला कुलूप लावून त्या मला घेऊन आजोबांच्या दारात उभ्या राहिल्या.

"काका, हे पुस्तक पुन्हा वाचा."

"नको मला ते!"

"सगळं नको. पहिलं पान वाचा फक्त."

आजोबा वाचू लागले. मधेच थांबले. "अगं, माझा चष्मा दे."

"डोळ्यांवरच आहे तुमच्या," आजी म्हणाल्या. मग त्यांनीच मला हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचलं.

मग आजोबा म्हणाले, "कॉलरला लेस होती. पांढरी. माझ्या हातातच राहिली ती. पोरीची आई मागायला येईल म्हणून कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरलो मी." आणि ते लहान मुलासारखे रडले. माझ्यावरही दोन थेंब पडले. त्या डागाचा मला अभिमान आहे.

दुसऱ्या दिवशी आजोबा एक पँट घेऊन ताईंच्या दुकानात गेले. पँट कुठंही फाटलेली नव्हती.

आता खालच्या फळीवर मी क्वचितच सापडते, माझ्यासाठी नंबर लागलेत. तुमचा नंबर आला की मला घरी न्या. चहा जरा लांब ठेवा. खुनी कोण ते तुम्हाला ठाऊकच आहे. पहिलं पान मात्र नीट बघा. आजोबांनी नियमाप्रमाणे काही खोडलेलं नाही. तिथं "निवृत्त" हा शब्द निळ्या शाईत आहे, आणि त्याच्यापुढं काळ्या शाईत, जरा मोठ्या अक्षरात, "फाटकवाला".