मागचे दिवे

चांगलं करायला गेलं की देव बघतो म्हणतात. बघत असेल बाई! पण या वैशाखात आमच्या घरानं जे चांगलं केलं, ते बघून त्यानंही तोंड फिरवलं असेल. मला अजून कळंबच्या बाजारात मान वर करून चालवत नाही.

सरळच सांगते. जागृती माझी नणंद. तिनं दीक्षा घेतली, साध्वी झाली. आता तिचं नाव समताश्रीजी, आणि जिनं तिला जन्म दिला ती आईसुद्धा तिला महाराजसाहेब म्हणून हात जोडते. आमच्या जैन साध्वी गाडीत बसत नाहीत, गावोगाव पायी फिरतात. दीक्षेनंतर जागृती आमच्या बाजूला एकदाही आली नव्हती. वैशाखात निरोप आला, गुरुणीजींबरोबर ती मंचरला आलीय. उन्हाच्या आत पहाटेच निघणार, कळंबला आमच्या घरी गोचरी घेणार आणि मग नारायणगावकडे जाणार. गोचरी म्हणजे घरोघर थोडं थोडं अन्न घेतात ते.

निरोप ऐकून सासूबाई देवघरासमोर जाऊन बसल्या. बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "एकदा माझ्या हातानं तिच्या पात्रात घास पडू दे. मग परत कधी येईल न येईल." एरवी आमच्या सासूबाई कस्तुरबाई घरात काही मागत नाहीत. आम्ही मागायला लावत नाही म्हणा, किंवा आमचं लक्ष नसतं म्हणा.

सासऱ्यांना घोर वेगळाच. पुणे-नाशिक रस्ता, पहाटेचा अंधार आणि टोमॅटोच्या पिकअप अशा पळतात की जणू मागं वाघ लागलाय! चालणाऱ्या साध्वींना गाडीनं उडवल्याच्या बातम्या पप्पा, म्हणजे सासरे घेवरचंद, रोज वाचतात आणि आम्हालाही वाचून दाखवतात. "जिनेश, तू गाडी घेऊन त्यांच्या मागं मागं राहा," ते म्हणाले, "म्हणजे मागून येणाऱ्याला लांबूनच दिसेल."

झालं! माझ्या नवऱ्याला तेवढंच निमित्त पाहिजे होतं.

आता एक गोष्ट आमच्यात लहान पोरालाही माहीत असते. साध्वींच्या अंगावर विजेचा उजेड पडणं हा त्यांच्या आचारात दोष. पडलाच तर त्या अंगभर कांबळी ओढून घेतात. म्हणून जिनेशनं बेत आखला तो तसा शहाणपणाचाच होता. पुढचे हेडलाइट बंद ठेवायचे आणि मागचे लाल दिवे असे झगझगीत करायचे की मंचरच्या चौकातून दिसले पाहिजेत. आमच्या गाडीचे मागचे दिवे म्हणजे आजारी माणसाचे डोळे. एक लागायचा, दुसरा मनात आलं तर.

गॅरेजला दिली असती तर बिघडलं असतं का? पण नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघून साहेब दुकानामागच्या शेडमध्ये बसले. मागच्या दिव्यांच्या काचा काढल्या, आतलं साचलेलं पाणी पुसलं, गंजलेले होल्डर घासले, नवे एलईडी बसवले, डिकीवर लाल रेडियम चिकटवलं. इथवर ठीक. मग हात शिवशिवायला लागले. पुढच्या हेडलाइटच्या काचा पिवळ्या पडल्या होत्या, त्या पाणी लावून पॉलिश पेपरनं घासल्या, वर टूथपेस्ट चोळली. घरातली पेस्टची नवी ट्यूब संपवली त्या माणसानं. काचा मात्र निघाल्या लख्ख. हेडलाइटच्या शेजारी पार्किंगचे दोन बारके दिवे असतात ना, पायलट म्हणतात त्यांना, त्यातही त्यानं पांढरे एलईडी ठोकले. का, तर सेटमध्ये आलेच होते!

शेजारचा दादाभाऊ बैलांना वैरण टाकून चालला होता, तो थांबला. "काय जिनेशभाऊ, नवरदेव बसवायचाय का गाडीत? लई नटवलीय राव!"

"सेवेसाठी आहे, दादाभाऊ," जिनेश छाती काढून म्हणाला. मलाही तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुपारच्या उन्हात दिवे लावून बघितले. गाडीचं तोंड शेडच्या भिंतीकडं, आम्ही सगळे मागं उभे. दिवे उन्हातसुद्धा लालभडक दिसले. सासऱ्यांनी काठीवर भार दिला आणि म्हणाले, "छान आहे. एकदा अंधार पडल्यावर लावून बघ."

"पप्पा, संध्याकाळी दिवे लावले की किडे जमतात. ढिगानं मरतील. महाराजसाहेबांच्या सेवेच्या कामात हिंसा कशाला?"

यावर आमच्या घरात कोण काय बोलणार? धर्माचं नाव घेतलं की संपलं. खरं कारण असं, की साहेबांना त्या संध्याकाळी मॅच बघायची होती. आपलेच दात, आपलेच ओठ, म्हणून मी पण गप्प बसले.

ठरल्या दिवशी पहाटे आम्ही मंचरला गेलो. जिनेश गाडी चालवायला, सासरे त्याच्या शेजारी, मी मागं. सासूबाई घरी चुलीपाशी. तिघी साध्वी बाहेर पडल्या. पांढरी वस्त्रं, अनवाणी पाय, हातात दांडा. सगळ्यांत मागं जागृती होती. मी तिला चालीवरून ओळखलं. डावा पाय किंचित बाहेर टाकते ती, लहानपणापासून. सासऱ्यांनी गाडीतूनच हात जोडले.

गावातल्या दिव्यांखालून त्या कांबळ्या ओढून चालल्या. गाव मागं पडलं, रस्त्यावरचे दिवे संपले, तशा त्यांनी त्या उतरवल्या. जिनेश गाडी त्यांच्या मागं पायी चालल्यासारखी हळू नेत होता, सगळे दिवे बंद. तेवढ्यात लांबून मागं एक पिकअप दिसली. "लाव आता," सासरे म्हणाले. जिनेशनं खटका फिरवला.

समोर पांढराशुभ्र उजेड पडला.

मागचे दिवे आणि पुढचे पायलट एकाच खटक्यावर लागतात. जुने पायलट इतके मरतुकडे आणि त्यावरची काच इतकी पिवळी, की ते लागतात हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं. आता नवे एलईडी आणि टूथपेस्टनं घासलेल्या काचा! तिघींच्या पाठी दुपारसारख्या उजळल्या. जागृतीच्या टाचांवरच्या भेगा मला गाडीतून दिसल्या, एक एक.

तिघी जागच्या जागी थांबल्या. एकीनंही मागं वळून बघितलं नाही. कांबळ्या डोक्यावरून ओढून घेतल्या आणि तिथंच रस्त्याच्या कडेला खाली मान घालून उभ्या राहिल्या. चोर पकडल्यावर त्याच्यावर बॅटरी मारतात ना, तसा उजेड मारला होता आम्ही त्यांच्यावर.

"बंद कर! अरे बंद कर मेल्या!" सासऱ्यांच्या तोंडून मी असा शब्द कधी ऐकला नव्हता.

जिनेशनं बंद केले. पण खटका एकच, मागचेही गेले. अंधारात आमची गाडी मागून येणाऱ्या पिकअपला दिसेना. तिनं शेवटच्या क्षणी ब्रेक मारला, टायर किंचाळले, बाजूनं निघून जाताना ड्रायव्हरनं काच खाली घेतली. "मरायचं हाय का रं? लाईट न्हाई का गाडीला?"

लाईट! आठवडाभर दुसरं काय केलं होतं आम्ही? पाठीमागून दुसरी गाडी येत होती. दिवे लावावेत तर साध्वींच्या अंगावर, न लावावेत तर जिवावर. शेवटी जिनेशनं गाडी रस्त्याखाली उतरवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मी खाली उतरले, पुढं गेले, हात जोडले. गुरुणीजी कांबळीआडून शांतपणे म्हणाल्या, "उजाडेपर्यंत आम्ही इथंच थांबतो. तुम्ही घरी जा."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आम्ही घरी आलो. सासूबाईंना कुणी काही सांगितलं नाही. सांगणार कोण? त्या दारात रांगोळी काढत होत्या. आत लापशीचा वास सुटला होता. साध्वींसाठी मुद्दाम रांधलेलं त्यांना चालत नाही, घरच्यासाठी केलेल्यातलंच द्यावं लागतं. म्हणून सासूबाईंनी त्या आठवड्यात घरात रोज सकाळी गुळाची लापशी करायची प्रथाच पाडली होती. "मलाच खावीशी वाटते," म्हणायच्या. साखरेच्या आजाराच्या गोळ्या खाणारी बाई! लापशी कुणाची आवडती ते सगळ्या घराला माहीत होतं आणि सगळं घर रोज मुकाट खात होतं.

ऊन तापल्यावर तिघी आल्या. पहाटेचा गारवा आमच्यामुळं वाया गेला होता, डांबरावर पाय भाजत आल्या. गुरुणीजींनी थोडी भाकरी घेतली, थोडी लापशी घेतली. मग सासूबाई जागृतीकडं वळल्या. डाव भरलेला, चेहरा असा, की मला बघवेना.

जागृतीनं पात्र पुढं केलं नाही. "आज उपवास आहे," ती म्हणाली.

"उपवास? आज कसला, महाराजसाहेब? आज तर तिथी नाही."

गुरुणीजी बोलल्या. "मी दिला नाही. तिनं आपणहून घेतला. पहाटे उजेड पडला तो तिच्या संसारी माणसांचा, तिच्या निमित्तानं आला, म्हणून प्रायश्चित्त तिचं, असं म्हणाली."

सासूबाईंनी आमच्याकडं बघितलं. आधी सासऱ्यांकडं, मग जिनेशकडं. जिनेश खांबाआड सरकला. अहो, चाळीशीचा बाप्या माणूस, आईपासून लपतो! पण मी तरी कुठं पुढं झाले? मी पण त्याच्याच मागं उभी होते.

"पाणी चालेल?" सासूबाईंनी विचारलं.

"उकळलेलं असेल तर."

ते होतंच. सासूबाईंनी डाव ठेवला, गाळलेलं पाणी आणलं आणि बारीक धारेनं तिच्या पात्रात ओतलं. एक थेंब सांडू दिला नाही. जागृतीनं धर्मलाभ म्हणून आशीर्वाद दिला आणि तिघी नारायणगावच्या रस्त्याला लागल्या. तशाच भर उन्हात, आणि जागृती उपाशी.

सासूबाईंनी पाट मांडला, ताट घेतलं, बाजूला काढून ठेवलेली लापशी त्यात वाढली, वर तूप सोडलं. "जिनेश, ये. बस."

"मम्मी, मला नको. खरंच नको."

"आपल्यात अन्न टाकत नाहीत," त्या म्हणाल्या. "तिच्या वाटचं आहे. तू खा."

तो बसला. आम्हा सगळ्यांच्या देखत, खाली मान घालून, रडत रडत त्यानं बहिणीच्या वाटचं सगळं खाल्लं. सासूबाई समोर बसून होत्या. शेवटी आमच्या रीतीप्रमाणं त्यांनी त्याच्या ताटात पाणी ओतलं, आणि तो ताट धुऊन ते प्यायला.