काचेतलं पाणी

"धनाजी, पाणी किती हाय रं?" लालासाहेबानं दारातूनच विचारलं.

"अर्ध्याच्या खाली आलंय." धनाजी होवाळनं काचेवरची नजर काढली नाही. "आन टाकीत वीतभर. पंप हवा वढाय लागलाय."

बॉयलरच्या पोटात पाणी किती आहे ते सांगणारी ती काच बोटभर रुंद आणि वीतभर लांब. तिच्यातलं पाणी कधी गप्प बसत नाही. आत उकळी आहे तोवर ते थरथरत राहतं. सव्वीस वर्षांत धनाजीनं जगात दुसरं फारसं काही बघितलं नव्हतं, ही थरथर मात्र पोटभर बघितली होती. जेवायला बसला तरी तांब्यातलं पाणी हलतंय का म्हणून बघायचा, आणि त्याची बायको अंजना म्हणायची, "आवं, तांब्या न्हाई फुटत. जेवा."

माणूस भित्रा होता. ते त्यालाही कबूल होतं. बॉयलरवाल्यानं भित्रंच असावं, असं त्याचं मत होतं.

मत उगाच झालेलं नव्हतं. साताऱ्याच्या एका जुन्या कारखान्यात कोंडीबा नावाच्या म्हाताऱ्यानं त्याला हे काम शिकवलं. पाणी काचेच्या तळाखाली गेलं की आत पाणी सोडायचं नाही, आधी आग ओढायची. म्हणजे भट्टीतली जळती लाकडं लांब आकड्यानं बाहेर ओढून विझवायची. लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटतो. कोंडीबानं हे शंभरदा सांगितलं, आणि एक दिवस साहेब ओरडला म्हणून स्वतःच पाणी सोडलं. धनाजी तेव्हा चहा आणायला गेला होता. परत आला तर शेडवर पत्रा नव्हता. कोंडीबाची एक वहाण रस्त्यापलीकडच्या बाभळीत अडकलेली सापडली. त्या दिवसापासून भीती धनाजीच्या पोटात मुक्कामालाच आली.

अठ्ठ्याण्णवचा मे महिना होता. विट्याच्या पलीकडे, सांगली जिल्ह्याच्या कोरड्या माळावर, दोन वर्षांपूर्वी हा कारखाना उभा राहिला. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी दळायची, पाण्यात कालवायची, बॉयलरच्या वाफेवर मोठ्या कुकरात शिजवायची, आंबवायची आणि तिचं अल्कोहोल काढायचं. पुढेमागे पेट्रोलऐवजी गाड्या यावर पळतील, असं साहेब लोक म्हणत. पळतील बापड्या. पण एक लिटर काढायला दहा-बारा लिटर पाणी लागतं, हे कागदावर कुणी मोठ्या अक्षरात लिहिलं नसावं. कारखान्याच्या तिन्ही बोअर मार्चमध्ये आटल्या. पाठोपाठ आसपासच्या विहिरींनीही तळ दाखवला. धनाजीच्या वस्तीची विहीर त्यातलीच एक.

"अकरा वाजता पुण्याचे साहेब येणार हायती," लालासाहेब म्हणाला. हा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, आता इथला सुपरवायझर. "त्यांच्यासमोर जीप चालवून दावायची हाय. कुकरात सहा टन ज्वारी शिजतीय. वाफ बंद झाली तर समदी चिकटून दगड हुईल. पाण्याचा बंदोबस्त मी करतो."

"कवा?"

"अर्ध्या तासात. ऑर्डर म्हंजे ऑर्डर."

अर्धा तास गेला. पाणी काचेत दोन बोटं उतरलं. धनाजीनं भिंतीचा आकडा उचलला.

"काय करतुयास?" लालासाहेब धावत आला.

"आग वढतो. आणखी दोन बोटं गेली तर मला थांबता यायचं न्हाई."

"येडा हाईस का गड्या! आज आग वढलीस तर उद्या गेटच्या आत यायला मिळायचं न्हाई. कायम करायच्या यादीत तुजं नाव हाय. मी घातलंय. पोरगीचं शिक्षाण व्हायचंय न्हवं अजून?"

पोरगी म्हणजे माया. सांगलीला नर्सिंगला होती, एक वर्ष राहिलं होतं. धनाजीनं आकडा खाली ठेवला नाही, पण भट्टीचं दारही उघडलं नाही.

तेवढ्यात फाटकातून टँकर आत आला. निळा, मागच्या बाजूला पोचा आलेला. तो टँकर धनाजीनं झोपेतही ओळखला असता. सरकारी टँकर होता तो. दर मंगळवारी त्याच्या वस्तीवर यायचा, आणि त्या पाण्यावर पुढचे चार दिवस निघायचे; उरलेले तीन दिवस बाया लांबच्या तळ्यावरून घागरी वाहायच्या. आज मंगळवारच होता.

ड्रायव्हर कृष्णात खाली उतरला. पाइप लावताना तो धनाजीकडे बघेना.

"ह्ये तुमच्याच वस्तीचं हाय, धनाजीदा," तो हळूच म्हणाला. "मला रस्त्यातनं वळीवलं. मी काय करू?"

"वस्तीला उद्या दोन पाठवतो!" लालासाहेब लांबून ओरडला. "वाल खोल, धनाजी!"

टँकरचं पाणी टाकीत घ्यायचा वाल बॉयलरच्या शेडमध्ये होता आणि तो फिरवायचं काम धनाजीचं. त्यानं काचेकडे बघितलं. पाणी तळाच्या खुणेपासून बोटभर वर थरथरत होतं. डोळ्यांपुढे बाभळीतली वहाण आली. अंजना आली, तिच्या पुढ्यात रांगेनं मांडलेल्या घागरी आल्या. आकडा हातात होता. भट्टीचं दार चार पावलांवर होतं.

त्यानं आकडा भिंतीला टेकवला आणि वाल खोलला.

टाकीत पाणी धबाधबा पडू लागलं. पंपाचा आवाज सुधारला. काचेतलं पाणी बोट-बोट करत वर चढलं आणि अर्ध्यावर येऊन थरथरू लागलं. धनाजीला इतकं हलकं वाटलं की तो खाली बसला. आणि आपल्याला हलकं वाटतंय याची त्याला मनापासून लाज वाटली.

अकरा म्हणता म्हणता साहेब एक वाजता आले. पांढऱ्या जीपनं पटांगणात तीन फेऱ्या मारल्या. मागून आंबलेल्या पिठासारखा वास येत होता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. लालासाहेबानं धनाजीच्या हातावर पेढा ठेवला. "शाब्बास! आज तू लाज राखलीस." धनाजीनं पेढा तसाच खिशात टाकला.

पाळी सुटल्यावर तो सायकलवरून निघाला. रोज वीस मिनिटांचा रस्ता, आज त्याला तासभर लागला. वाटेत दोनदा उगाचच उतरला. बॉयलरपुढे वाटायची ती भीती त्याच्या ओळखीची होती. आज घरी जाताना जी वाटत होती ती नवी होती.

समाजमंदिरापुढच्या लिंबाखाली घागरींची रांग सकाळी लावली तशीच होती. बाया घरी गेल्या होत्या. एकटी म्हातारी सुलाबाई आपल्या घागरीजवळ बसून होती.

"धनाजी, टँकर कुठं दिसला का रं वाटंत?"

तो सायकल भिंतीला लावून घरात गेला.

अंजनानं त्याचा भाजलेला चेहरा बघितला. हंड्यावरचं झाकण काढलं, वाटीनं तळ खरवडून तांब्या अर्धा भरला आणि त्याच्यापुढे केला. "आज टँकरच न्हाई आला. एवढंच ऱ्हायलंय. तुमी प्या, आगीम्होरनं आलाय."

तांब्या हातात घेतल्यावर पाणी थरथरू लागलं. आज आत उकळी नव्हती. हात थरथरत होता.

"अंजना, टँकर आमच्या कारखान्यात आलाता. माज्या हातानं टाकीत घेतला."

"का?"

"बॉयलरमधलं पाणी संपत आलंतं."

"म्हंजे फुटला असता?" तिच्या आवाजात भीती भरली. कोंडीबाची गोष्ट तिला पाठ होती. ती जवळ सरकली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आवं, मग बरं केलं की! पाणी काय, उद्या मिळंल. माणूस कुठनं आणायचा? मी सांगते बायास्नी. कुणी काय म्हणायचं न्हाई."

इथंच थांबता आलं असतं. वस्तीनं मान डोलावली असती. कदाचित जीव वाचला म्हणून सुलाबाईनं त्याची दृष्टही काढली असती. धनाजीला हे सगळं दिसलं, आणि सकाळपेक्षा जास्त भीती वाटली.

"फुटला नसता," तो म्हणाला. "आग वढता आली असती. येळ हुता. आकडा हातात हुता माज्या. आग वढली असती तर ज्वारी गेली असती. नोकरी गेली असती. बाकी काय झालं नसतं."

अंजनाचा हात खांद्यावरून निघाला. मग तिनं त्याच्या हातातला तांब्या घेतला, पाणी परत हंड्यात ओतलं आणि झाकण ठेवलं.

"सुलाबाई सकाळपासनं बसल्या हायती," एवढंच म्हणाली.

धनाजी उठला. कोपऱ्यातली घागर उचलली.

"कुठं निघालाय?"

"तळ्याव."

"दीड कोस हाय."

"हाय. आदी सुलाबाईची भरून आणतो. मग आपली." उंबऱ्यात तो थांबला. "तुला सांगितलं ते त्यास्नीबी सांगतो."

वस्तीतला एकही बाप्या आजवर डोक्यावर घागर घेऊन तळ्यावर गेला नव्हता. तो खाली मान घालून बाहेर पडणार तोच मागून हाक आली.

"थांबा."

अंजनानं खुंटीवरची चुंबळ काढली. जुन्या लुगड्याची, वापरून मऊ झालेली. तिच्या डोळ्यांतला राग तसाच होता. तिनं ती त्याच्या डोक्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून नीट बसवली. माया पहिल्यांदा पाण्याला निघाली होती, तेव्हा बसवली होती तशी.