टॉलेफ्सनबाईंच्या अंगणातला दिवा

मित्रांनो, उजेडापुढे जगात काहीही टिकत नाही. माणसाने गुहेत पहिली काटकी पेटवली त्या दिवसापासून आमच्या घराण्याने या पृथ्वीवरचं अज्ञान, भीती आणि अंधार यांना पळता भुई थोडी केली आहे. त्या थोर घराण्यातला मी एक जुना दिवा आहे. माझी नेमणूक डुकरांच्या गोठ्यासमोर झाली.

तक्रार नाही. डुकरांना झोपायचं होतं आणि मी रात्रभर त्यांच्या डोळ्यांवर पेटलेला असे, तरी त्यांनी मला कधी नावं ठेवली नाहीत.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची टोपी, खाली काचेची जाड वाटी, आत पाऱ्याचा बल्ब आणि डोक्यावर एक छोटासा डोळा. अंधार पडला की हा डोळा मला पेटवतो आणि उजाडलं की विझवतो. थोडक्यात, माझ्या आयुष्यात मी स्वतः ठरवावं असं काहीच नव्हतं. पुष्कळ उंचावर बसलेल्या मंडळींचं असंच असतं, असं ऐकतो.

मला विकत आणलं मर्विन टॉलेफ्सन यांनी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात त्यांचं शेत. त्या हिवाळ्यात त्यांची बायको आर्डिस डुकरांना खाणं घालायला निघाली असता बर्फावर घसरली आणि मनगट मोडून घेतलं. मर्विन फार बोलणारा माणूस नव्हता. 'मला तुझी काळजी वाटते' असं काही तो म्हणाला नाही. त्याने खांब रोवला आणि मला वर चढवलं. आर्डिस पायऱ्यांवर गळ्यात हात बांधून उभी होती. ती म्हणाली, "वाईट नाही." आमच्या भागात याहून मोठी स्तुती नसते.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. कोसभरावरून लोक मला पाहून वाट ओळखत. मग डुकरं विकली गेली. मग मर्विन गेला. शेत शेजाऱ्याने खंडाने घेतलं, आणि अंगणात उरलो मी आणि आर्डिस. मला बंद करायचा खटका गोठ्यात आहे, पण मर्विननंतर त्याला कुणी हात लावला नाही. येणारे-जाणारे म्हणत, "बाईंचा दिवा लागला, म्हणजे बाई ठीक आहेत." खरं तर बाई ठीक नसत्या तरी मी लागलोच असतो. पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

अशात एका सप्टेंबरात खडीच्या रस्त्याच्या टोकाला एक मोटार येऊन थांबू लागली. तिथे एक उंचवटा आहे. दगड फार, म्हणून मर्विनने तो कधी नांगरला नाही. मोटारीतून एक नवरा-बायको उतरत आणि घडीच्या खुर्च्या टाकून बसत. मला वाटलं, आपली कीर्ती शहरापर्यंत गेली. फक्त ते दोघं माझ्याकडे पाठ करून बसत, हे मला जरा खटकलं.

हे डेलबर्ट आणि लोइस क्रुसे. डेलबर्टने जन्मभर शहरातल्या लोकांच्या तळघरात जाऊन घर ऊबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त केल्या. त्या खडखडाटाने त्याचे कान अर्धे गेलेले, त्यामुळे तो बायकोच्या कानात बोलला तरी माझ्या खांबापर्यंत ऐकू येई. असंच सगळं मला कळलं.

लोइसच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू होता. नळीतून पाहावं तसं तिला दिसे, आणि नळी दर महिन्याला अरुंद होत होती. डॉक्टरांनी नाताळापर्यंतची आशा दिली होती. लोइसला एकच हवं होतं. लहानपणी तिचे वडील तिला गवताच्या गाडीवर उताणं झोपवून आकाशगंगा दाखवत. ती तिला एकदा, शेवटची, नीट पाहायची होती. शहरात ती दिसेनाशी होऊन किती वर्षं झाली, ते कुणाच्या लक्षातही नव्हतं.

दोघांनी उन्हाळाभर जागा शोधल्या. तलावाकाठच्या उद्यानाचं फाटक सूर्यास्ताला बंद होई. ज्यांना तारे पाहायचे असतील त्यांनी ते त्याआधी पाहून घ्यावेत, असा नियम दिसत होता. दफनभूमीच्या टेकडीवर सुरेख अंधार होता, पण चर्चने मनोऱ्यावर प्रकाशाचा झोत सोडला होता, बहुधा देवाला घर सापडावं म्हणून. खाणीपलीकडे मोटारी विकणाऱ्याचं आवार रात्रभर लखलखे. जुन्या धावपट्टीवर अंधार होता, शांतता होती, पण तिथे आधीच दोन-तीन मोटारी उभ्या असत आणि त्यांतली मंडळी आकाशाकडे पाहत नव्हती. "चल डेलबर्ट," लोइस म्हणाली होती, "त्यांचं काय चाललंय ते चालू दे." हमरस्त्यावर अंधारात गाडी चालवायची आता डेलबर्टच्या अंगात हिंमत नव्हती, म्हणून याहून लांब जाणं नव्हतं.

मग त्यांना आमचा उंचवटा सापडला. दक्षिणेला क्षितिजापर्यंत नुसती शेतं. रहदारी नाही, हटकणारं कुणी नाही. "लोइस, जागा मिळाली," डेलबर्ट म्हणाला. आणि मग त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मित्रांनो, आता तुम्ही म्हणाल, सरळ जाऊन विचारायचं, बाई, दिवा जरा बंद करता का? तुम्ही आमच्याकडचे नाही. आमच्याकडे कुणाजवळ काही मागायचं असेल तर आधी काहीतरी द्यावं लागतं, आणि दिल्यावर मागणं बरं दिसत नाही.

डेलबर्ट हॉटडिश घेऊन आला. खिमा, डब्यातलं सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा थर, सगळं काचेच्या भांड्यात भाजलेलं. आर्डिसने ते दारातच घेतलं आणि दोघं माझ्या उजेडात उभे राहिले. आधी पावसाचं झालं, मग मक्याचं झालं. शेवटी डेलबर्टने घसा खाकरला.

"तो दिवा बराच लख्ख आहे हो तुमचा."

"मर्विनने लावलाय तो."

"हो का? चांगला लावलाय."

"तिकडच्या गावातनं दिसतो म्हणतात."

"दिसत असेल," डेलबर्ट म्हणाला. "शंकाच नको."

मी अभिमानाने थोडा गुणगुणलो.

आमच्याकडे निरोप तीन हप्त्यांत घेतात. एक दारात, एक पायऱ्यांखाली आणि एक मोटारीच्या खिडकीतून. प्रत्येक हप्त्याला डेलबर्टने तोंड उघडलं आणि हवामानावर बंद केलं. शेवटी काच खाली करून म्हणाला, "आर्डिस, एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"ते भांडं... त्याची काही घाई नाही."

उंचवट्यावर लोइस वाट पाहत होती. विचारलंस का, असं तिने विचारलं. "जवळजवळ," डेलबर्ट म्हणाला.

भांडं आमच्याकडे रिकामं परत करत नाहीत. आर्डिसने त्यात सफरचंदाच्या वड्या भरून ते उंचवट्यावर नेऊन दिलं. मग क्रुसे मंडळींनी काकडीचं लोणचं पाठवलं. मग आर्डिसने भोपळ्याचा पाव. ऑक्टोबरभर ते भांडं एकदाही रिकामं गेलं नाही आणि ती विनंती एकदाही पोचली नाही.

आर्डिसला मात्र त्या दोघांची काळजी लागून राहिली. आपल्या शेताच्या टोकाला म्हातारी माणसं अंधारात बसतात. उठताना एखादं खड्ड्यात गेलं तर? मर्विनने असं चालू दिलं नसतं. तिने वीज कंपनीचा माणूस बोलावला आणि माझ्यात दुप्पट ताकदीचा बल्ब घालून घेतला. खर्च विचारलाही नाही.

त्या संध्याकाळी मी पेटलो तो दिवाळीसारखा. क्रुसे मंडळींची मोटार वळणावर आली, थांबली, आणि बराच वेळ दारं उघडलीच नाहीत. मग लोइसचं हसू ऐकू आलं. ती हसत सुटली. हसता हसता तिने चष्मा काढून पुसला, आणि तो परत घालायला तिला फार वेळ लागला.

त्यानंतर डेलबर्ट छत्री आणू लागला. आभाळ कोरडं ठणठणीत, आणि हा गृहस्थ बायकोच्या मागे काळी छत्री उघडून उभा, माझा उजेड अडवायला. हात दुखला की दुसऱ्या हातात घेई. "दिसतंय का?" दर थोड्या वेळाने विचारी. "थोडं थोडं," लोइस म्हणे. ते थोडं थोडं म्हणजे नाही, हे मलाही कळे. त्याला कळत नसेल असं वाटत नाही.

नोव्हेंबर ढगांनी खाल्ला. मग बर्फ पडला. डिसेंबरात एका संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं निघालं आणि मोटार आली. बर्फावरून माझा उजेड उलटून वर उसळत होता. छत्रीचा काही इलाज चालेना. आर्डिसने खिडकीतून छत्री पाहिली. एवढ्या थंडीत, बर्फ पडत नसताना छत्री म्हणजे माणसं गारठलीत, असा तिने अर्थ काढला आणि पांघरूण घेऊन बर्फ तुडवत गेली.

"उजेड कमी पडतोय का?" तिने विचारलं. "गोठ्यावरचाही लावू?"

"नको, नको," डेलबर्ट म्हणाला. "बरं चाललंय आमचं."

लोइसने पांघरुणाखालून मान वळवली. आवाज आला त्या बाजूला. आर्डिसकडे नेमकी नव्हे.

"आर्डिस, तो दिवा बंद करता येतो का?"

"येतो की. खटका आहे. का हो?"

"तारे पाहायचे होते."

आर्डिस उभीच राहिली. त्या उघड्या छत्रीकडे तिने पुन्हा एकदा पाहिलं. मग तिने माझ्याकडे पाहिलं, मर्विनच्या दिव्याकडे, आणि गोठ्याकडे निघाली. तिला इतकं तरातरा चालताना मी कधीच पाहिलं नव्हतं. गोठ्याचं दार वाजलं.

आणि मी विझलो.

मित्रांनो, मी इतकी वर्षं अंगणात उभा होतो आणि मला वाटे, वर काही नाही. माझ्या उजेडापलीकडे काळं कापड असतं, एवढंच मला माहीत. आता पाहतो तर सगळं आभाळ भरलेलं. कुणी मला सांगितलं नव्हतं. मी पेटलो असताना ते तिथेच होतं, रोज, माझ्या टोपीवर.

डेलबर्टने छत्री मिटली. "आता?" त्याने विचारलं.

लोइसने बराच वेळ वर तोंड धरलं. मान या बाजूला केली, त्या बाजूला केली.

"नाही रे," ती म्हणाली. "उशीर झालाय वाटतं."

डेलबर्टने काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. मी विचारायला हवं होतं, असं काहीसं. लोइसने त्याचा हात चाचपून धरला. "जन्मभर लोकांच्या तळघरांत घुसलास," ती म्हणाली, "आणि एक खटका मागता आला नाही तुला. बस आता. सांग काय दिसतंय ते."

त्याच्याच्याने सांगवेना. त्याला प्रत्येक ताऱ्याचं नाव येत होतं आणि त्यातलं एकही बाहेर येईना. आर्डिस परत आली होती. अंधारात धडपडली, सावरली आणि लोइसच्या खुर्चीशी येऊन थांबली.

"मला नावं येत नाहीत हो," ती म्हणाली.

"नावं नकोत."

"मधनं एक पट्टा गेलाय. सोयाबीन काढतात ना, तेव्हा यंत्रामागे भुसा उडतो आणि उन्हात तरंगत राहतो, खाली बसतच नाही, तसा. आमच्या गोठ्यावरनं निघालाय आणि पार पलीकडे गेलाय." ती थांबली. "एका जागी उभा फाटलाय. त्यात काहीच नाही."

"हो," लोइस म्हणाली. "तिथे फाटलेलाच असतो. बाबा म्हणायचे, गवताची गाडी तिथे गळते."

"आम्ही दोघं जन्मभर इथे राहिलो," आर्डिस म्हणाली, "आणि मर्विनला हे..." ते वाक्य तिने पुरं केलं नाही.

"थांबू नका," लोइस म्हणाली.

मग आर्डिस सांगत राहिली. तिला उपमा सुचत त्या सगळ्या पिठाच्या, मिठाच्या आणि कोंबड्यांच्या दाण्यांच्या. थंडीने तिचे शब्द अडखळत होते. डेलबर्ट बायकोच्या पायाशी बर्फात बसला होता आणि तिच्याऐवजी वर पाहत होता.

आता तिला काहीच दिसत नाही. तरी आभाळ निरभ्र असलं की मोटार येते, आर्डिस तिसरी खुर्ची नेते आणि मी विझलेलाच असतो. येणारे-जाणारे आता म्हणतात, बाईंचा दिवा गेला, बाई ठीक आहेत ना? बाई उंचवट्यावर असतात.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातून बोध घ्यायचा तर हाच घ्या. दिवा लावा, पण खाली पाहणारा लावा, आणि काम झालं की विझवा. अंधारही कुणाचा तरी असतो. त्याची नासधूस करू नका. आणि ज्याच्यावाचून एखाद्याचं अडलंय ते मागायला भांडी पाठवत बसू नका. डोळे थांबत नाहीत.

माझंही एक मागणं आहे. माझ्या काचेच्या वाटीत मेलेले किडे साठलेत. बिचारे मला चंद्र समजून आले होते. जाता-येता कुणाला सवड झाली तर तेवढी वाटी उतरवून झटकून द्या. शिडी गोठ्याच्या मागे आहे. तिसऱ्या पायरीवर जरा जपून.