घुगरे यांना द्यावयाची मानवंदना

सोमवार, ९ नोव्हेंबर १९९८, सकाळचे सव्वादहा. स्थळ कोल्हापूर, शुक्रवार पेठ, लिंगैक्य गुरुसिद्ध मल्लाप्पा घुगरे यांचे राहते घर. हे इतक्या काटेकोरपणे नोंदवण्याचे कारण एवढेच, की पुढच्या अर्ध्या तासात तेथे जे घडले त्याविषयी पेठेत आजही एकमत नाही.

सोप्यात घुगरे मांडी घालून बसले होते. रात्री ते वारले, आणि लिंगायत रीतीप्रमाणे पहाटेच त्यांना न्हाऊ घालून भिंतीशी बसवले होते; कपाळी विभूती, डाव्या तळहातावर इष्टलिंग. त्यांच्यासमोर माजी सैनिक संघटनेचे निवृत्त हवालदार आकाराम, काखेत संघटनेचा झेंडा आणि हातात सलामीच्या नियमांचा टंकलिखित कागद घेऊन, खोळंबले होते. या गृहस्थांनी आजवर एकोणतीस सलाम्या पार पाडल्या होत्या आणि एकोणतीसही देह आडवे होते.

"झेंडा छातीपास्नं पायापत्तूर," त्यांनी वाचले. "आता हितं पाय कुठं घावायचं? संगमेश, पाच मिनटं आडवं करूया की. बिगूल वाजला की परत बसवा."

"एकदा बसवलेलं आडवं करत न्हाईत, पावणं," अंत्यविधीला आलेले जंगमस्वामी म्हणाले. "आन् करू म्हटलं तरी व्हायचं न्हाई. अंग ताठलंय."

"मग सलामी न्हाई. मी नियमाभाईर जाणार न्हाई."

घुगऱ्यांचा मुलगा संगमेश एकदा जंगमांकडे, एकदा हवालदारांकडे पाहू लागला. त्याला ही सलामी हवी होती. वडिलांनी आयुष्यभर लोकांचे रेडिओ दुरुस्त केले आणि पेठेने त्यांना 'पायलट' म्हटले. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे त्याला कधी उमगले नव्हते. आज उमगेल, अशी त्याची समजूत होती.

वस्तुतः तो शब्दच चुकीचा होता. १९४४ साली ब्रह्मदेशाच्या आघाडीवर घुगरे विमानातले बिनतारी यंत्र सांभाळीत. विमान चालवी तो दुसराच. हे त्यांनी पेठेला असंख्य वेळा समजावले, आणि पेठेने प्रत्येक वेळी "व्हय व्हय, पायलट" म्हणून मान डोलावली.

"इमानात खरंच बसलंतं का, का चाकातच हवा भरत हुतं?" दारातल्या गर्दीतून शेजारच्या बाळासोने विचारले. दोघे-तिघे हसले. संगमेशने मान खाली घातली.

तेवढ्यात आतून शांतव्वा आल्या. नवऱ्याच्या शेजारी टेकल्या.

"हवालदार, मला वाचाय येत न्हाई. आडवं करा असं लिवलंय त्यात?"

आकारामांनी कागद पुन्हा वरपासून वाचला. "तसं न्हाई लिवलेलं, आक्का. पण आडवंच असत्यात की."

"हे इमानात मागल्या अंगाला बसायचं. चालवणाऱ्याकडं पाठ करून. पुढनं काय येतंय ते दिसायचंच न्हाई, मागं पडलेलं तेवढं दिसायचं. तितंबी आडवं व्हा म्हटलं असतं व्हय तुमी?"



"मी पायदळातला, आक्का," आकाराम पुटपुटले. "इमानातलं मला काय ठावं न्हाई."

त्यांनी झेंडा उलगडला. मांडीवर पसरला, तो घसरला. गळ्याखाली धरला, तेव्हा "लिंग झाकाय नगं" म्हणून जंगमांनी हात आडवा घातला. शेवटी शांतव्वांनीच तो मागून नवऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर घातला आणि टोक डाव्या काखेत खोचले.

अंगणात थांबलेल्या संघटनेच्या बिगुलवाल्याने बिगूल वाजवला. उभे राहावे की हात जोडावेत, हे कोणालाच कळेना. कोणी दोन्ही केले. बाळासोने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. आजवर पायांशी उभे राहून सलाम करणाऱ्या आकारामांना या वेळी मृताच्या चेहऱ्याकडे पाहावे लागले, आणि त्यांचा हात नियमापेक्षा बराच वेळ कपाळाशी राहिला.

झेंड्याची घडी करून ते निघाले. संगमेश पायरीपर्यंत पोचवायला आला.

"हवालदारसाहेब, संघटनेच्या कागदावर काय लिवणार?"

आकारामांनी वहाणा पायात सरकवल्या.

"नियमापरमाणं झालं न्हाई," ते म्हणाले. "पण चुकीचं काय झालं न्हाई."