गोळी कोणी वाढवली?

समजा, सकाळी अंघोळ करताना तुमच्या दंडावर जांभळा डाग दिसला. कुठे आपटल्याचं आठवत नाही. मग मांडीवर आणखी एक. आता सांगा, संशय कोणावर घ्याल?

प्रल्हादरावांनी तो सुनेवर घेतला.

"ज्ञानदे, तुही आई मले एक गोळी देते का दोन, पाहात जाजो बरं."

"क्यों आजोबा?" नातीला मराठी समजे, उत्तर हिंदीतच येई.

"काहून म्हणजे? हे डाग पाह्य. रक्त पातळ करायची गोळी हाय ते. जास्त झाली का असंच होते."

सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यात त्यांनी आयुष्यभर ट्रकांचं वजन केलं होतं. ट्रक वजनकाट्यावर आला की ड्रायव्हर खरंच खाली उतरलाय का, हे ते वाकून बघत. हृदयात नवी झडप बसवल्यावर ते गोळी विसरू लागले, म्हणून सुनेने, उल्काने, गोळ्या आपल्या ताब्यात घेतल्या. तेव्हापासून त्यांची नजर तिच्या हातावर.

ज्ञानदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहू लागली. "एक ही देती है," ती सांगे.

"तू पोट्टी तिचीच!"

एके सकाळी त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, थांबेना. उल्काने त्यांना आणि ज्ञानदाला रिक्षात घातलं आणि शंकर नगरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. तिथे रक्त तपासलं.

"गोळी तेवढीच आहे, काका. जोर वाढलाय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कारखान्याची बस असते ना? रक्तातलं प्रथिन म्हणजे तशी बस. हे औषध बहुतेक तिच्यात बसूनच फिरतं. बसलेला काम करत नाही, उतरलेला करतो. तुमचं प्रथिन घटलंय, म्हणजे बसमधल्या सीटाच कमी झाल्यात, म्हणून जास्त औषध खाली उतरलंय. जेवता काय?"

"डाळ, दूध, सगळं देते मी," उल्का म्हणाली.

प्रल्हादराव भिंतीकडे बघू लागले.

"दाल-दूध तो आजोबा मुझे दे देते हैं," ज्ञानदा बोलली. "खुद बस बासी खाते हैं."

"कारखान्यातला तुळशीराम भैया म्हणे, हार्टवाल्याले डाळ जड जाते," ते पुटपुटले. "बासी म्हणजे पाण्यातला शिळा भात, कसा हलका."

डॉक्टरबाईंनी डोस कमी केला, आठवड्याने पुन्हा बोलावलं.

"तो मम्मी दो गोली नहीं देती ना?" ज्ञानदाने विचारलं. "आजोबा ने मुझे देखने बोला था."

उल्काने सासऱ्यांकडे एकदा पाहिलं. चौबे कॉलोनीतल्या घरी परतताना तिने रिक्षात ज्ञानदाला दोघांच्या मध्ये बसवलं.

संध्याकाळी तिने गोळ्यांची स्ट्रिप त्यांच्यासमोर ठेवली. "आता तुम्हीच घेत जा, बाबा. मी नाही हात लावत."

प्रल्हादराव स्ट्रिप उलटीपालटी करत राहिले. उल्काही तिथून हलली नाही.

ज्ञानदाने आजोबांच्या हातातून स्ट्रिप काढून घेतली आणि आईच्या हातात ठेवली. मग काहीही बघायला न थांबता ती खेळायला पळाली.