भांगाची भरती

विटेच्या भेगेत बसलेली ती गोगलगाय हरभऱ्याएवढी होती, काळपट, बोट लावलं तरी हलली नाही — खाऱ्या पाण्यातली ही जात भरतीच्या टप्प्याबाहेर राहत नाही, हे तिला किनारा-मोजणीच्या खात्यात लागल्यापासून पाठ होतं... आणि भिंत दादाची होती. नव्या खोलीची. हातच्या कांकणाला आरसा कशाला. तरी तिने मान वळवून खाडीकडे पाहिलं. पाणी पार खाली, चिखलाच्या कडेशी निमूट थांबलेलं.

आज भांगाची भरती, पंधरवड्यातली सगळ्यात लहान. किनाऱ्याची रेषा आखायची ती उधाणाच्या, सगळ्यात मोठ्या भरतीच्या पाण्यावर, हा या कामातला पहिला धडा; आजच्या पाण्यावर आखली तर ती भिंतीच्या बरीच खाली पडणार आणि खोली सुटणार. मग खाडीच्या या वळणासाठी आजचा दिवस कुणी ठरवला... साहेबांनी नव्हे. वेळापत्रक तिनेच केलं होतं. गडबडीत झालं, असं ती स्वतःला सांगत आली होती. त्याच गडबडीत बाकीच्या सगळ्या वळणांना बरोबर उधाण कसं मिळालं, हे मात्र तिने स्वतःला विचारलं नव्हतं. रेषेच्या आत, खाडीच्या बाजूला, बांधकाम ठेवता येत नाही. त्या चिखलात मासळीची पिल्लं वाढतात, आणि पाण्याची जागा अडवली की ते दुसऱ्याच्या घरात शिरतं — पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरांना तिने हे ठणकावून सांगितलं होतं, त्यांची पडवी पाडली गेली तेव्हा तिला चुकल्यासारखंही वाटलं नव्हतं. आता आपलेच दात, आपलेच ओठ.

दादाने काही मागितलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्याच्यावर रागावता आलं असतं. त्याने एक शब्द काढला नव्हता. आईला जिना चढवत नाही म्हणून बांधलेली ही तळाची खोली; खिडकीतून आई आत्ताही हात हलवत होती, लेक जणू सहलीला आली आहे.

वहिनीने चहा आणला. रेषेच्या खुंट्या आणि हातोडा घेऊन आलेला मोजणीदार कप हातात धरून दादाशी गप्पा मारत होता, आणि दादा नेहमीसारखा रंगात आला होता.

"हिला पाण्याची फार भीती," दादा म्हणाला. "एवढीशी होती. इथेच, बघा, उधाणाचं पाणी माझ्या कमरेला, आणि ही खांद्यावर बसून माझे केस ओढतेय."

मोजणीदार हसला. मग त्याने पायाखालच्या कोरड्या जमिनीकडे पाहिलं, आणि तिच्याकडे.

ही गोष्ट दादाने तिच्या लग्नात सांगितली होती, तिच्या मुलांना सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी ती लहान होऊन ऐकत आली होती — मुठीतले ते ओले केस, खाली गार गढूळ पाणी, आणि आपण पडणार नाही याची पक्की खात्री... गप्प बस ना रे दादा, गप्प बस. आपण हे मनात म्हणतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली. दादा अजून सांगतच होता.

"मॅडम, खुंटी कुठे ठोकू?"

"एक मिनिट," ती म्हणाली. मोजणीदाराला की दादाला, ते तिचं तिलाच कळलं नाही.