नऊ नंबरचा जॉब

"नऊ नंबर कुणी ठेवला इथे?"

"कुणी म्हणजे? ज्याने केला त्याने. हाताने केलाय, पायाने थोडाच करणार?" स्टोअरकीपर स्वतःच्याच विनोदावर हसला आणि फडक्याने टेबल पुसत राहिला.

टेबलावर एकोणीस जॉब ओळीने मांडले होते. जॉब म्हणजे लोखंडाचे दोन तुकडे. एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत चपखल बसेल अशी जीभ. आदल्या दिवशीच्या परीक्षेत फिटर ट्रेडच्या एकोणीस जणांनी सहा तास उभं राहून, कानस मारून ते केले होते, आणि रात्रभर ते स्टोअरमध्ये कुलपात होते. मास्तरांनी नऊ नंबरचा उचलला आणि उचलताक्षणी त्यांच्या तळहाताला कळलं. बारा मिलिमीटरच्या प्लेटचं वजन त्या हाताला तीस वर्षं पाठ होतं. हा हलका होता.

"पुन्हा?" मास्तर म्हणाले.

"पुन्हा काय? दरवर्षी. त्या नऊ नंबरवाल्याचा खरा जॉब बघितलात का? फटीतून मांजर जाईल. प्राचार्यांना निकाल शंभर टक्के पाहिजे. मी काय लोखंड घरी नेऊन खातो?"

"अरे, या वर्षी कारखान्याचा माणूस येतोय."

"म्हणूनच म्हटलं, चांगलं दिसू दे की." मग आवाज उतरवून तो म्हणाला, "आणि मास्तर, सुरुवात कुणी केली?"

हे तो दरवर्षी म्हणे. रागाने नाही, आमटीचं मीठ चाखून बघावं तसं. आणि दरवर्षी मास्तर तो जॉब जागेवर ठेवून देत.

सुरुवात त्यांनीच केली होती. बारा वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी हा जॉब नमुना म्हणून केला होता. बायको दवाखान्यात होती. अकरा वर्षांच्या मुलीला घरी एकटं ठेवायला नको म्हणून तिला वर्कशॉपमध्ये आणलं होतं. ती बाकावर बसून कानशीचे हात, म्हणजे कानस किती वेळा फिरली ते, मोजत होती. मध्येच विसरायची, पुन्हा एकपासून मोजायची. आई घरी कधी येणार, हे तिने त्या दिवशी तीनदा विचारलं. त्याचं उत्तर महिन्याभराने मिळालं. संध्याकाळी मास्तरांनी दोन्ही तुकडे एकमेकांत बसवले, खिडकीसमोर धरले आणि म्हणाले, "बघ, उजेड दिसतो का मधून?"

तिने एक डोळा मिटला. "नाही दिसत, बाबा."

"दिसता कामा नये. दिसला तर ती जोडी नव्हे, नुसते शेजारी."

तो नमुना भिंतीवर टांगला गेला. पुढच्या वर्षी परीक्षेच्या सकाळी एक मुलगा वडिलांना स्मशानात पोचवून थेट वर्कशॉपमध्ये आला. त्याच्या हाताला कानस धरवेना. दुपारी मास्तरांनी भिंतीवरचा नमुना काढला आणि त्याचा नंबर स्वतःच्या हाताने दोन्ही तुकड्यांवर ठोकला. एकदाच, असं मनाशी म्हटलं. परीक्षेनंतर तो जॉब भंगारात जायला हवा होता, पण स्टोअरकीपरला तो टाकवला नाही. पुढच्या वर्षी त्याने नंबर घासून काढला आणि दुसरा ठोकला. मग दरवर्षी हेच. जाडी कुणी मोजत नसे. प्लेट स्टोअरची, म्हणजे बाराचीच असणार, असं सगळे धरून चालत.

गेल्या वर्षी त्या जॉबवर चौदा नंबर होता. चौदा नंबरवाला कारखान्यात लागला. सहा महिन्यांनी त्याने मशीनच्या दांड्यावर बसवलेली चावी, म्हणजे खाचेत ठोकायची लोखंडी पट्टी, सैल निघाली, सुटून उडाली, आणि पलीकडे काम करणाऱ्या माणसाचा डोळा गेला. मग कारखान्याचं पत्र आलं. तुमच्या सर्टिफिकेटवर आमचा भरवसा उरलेला नाही, आमचा माणूस स्वतः जॉब बघेल. पसंत पडले तर यंदा चौघांना घेऊ आणि दरवर्षी घेत राहू. नाहीतर बाहेरून माणसं आणू. आसपास फिटर घेणारा दुसरा कारखाना नव्हता.

चार जागा. त्यातल्या तीन कुणाच्या हे मास्तर डोळे मिटून सांगू शकले असते. चौथी ताईची. ताई म्हणजे सतरा नंबर. सूतगिरणी बंद पडल्यावर वयाच्या अडतिसाव्या वर्षी ती फिटर व्हायला आली. पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं होतं, "काकू, मुलाला सोडायला आलात का?" ती म्हणाली होती, "हो, तुम्हालाच. नीट बसा." वर्षभर तळहाताला चिंध्या गुंडाळून तिने कानस मारली. आता तीच पोरं वाइसच्या जबड्यात जॉब कसा धरायचा ते तिला विचारत. नऊ नंबर टेबलावर राहिला, तर ताई पाचवी.

मास्तरांनी तो जागेवर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं.

कारखान्याचा टूलरूम-प्रमुख बुटका, अबोल माणूस होता. त्याच्या बोटांच्या पेरांत काळं मुरलं होतं. म्हणजे तोही कधीकाळी वाइसशी उभा राहिलेला. प्राचार्य त्याच्या दोन पावलं पुढे, जणू तेच पाहुणे. एक नंबरपासून सुरुवात झाली. तो प्रत्येक जॉब खिडकीकडे धरी, वहीत काहीतरी लिही आणि खाली ठेवी. मुलं भिंतीला टेकून उभी होती. ताई शेवटी, पदराला हात पुसत.

नऊ नंबर त्याने खिडकीकडे धरला आणि हात तसाच राहिला.

"हा कुणाचा?"

नऊ नंबरवाला मान खाली घालून पुढे झाला.

"वा रे पठ्ठ्या! असं फिटिंग मी वीस वर्षांत बघितलं नाही. हा नक्की."

मुलाचे कान लाल झाले. मास्तर त्याच्या हातांकडे बघत होते. वाईट नव्हता पोरगा. उद्या कुणीतरी त्या हातांत चावी आणि हातोडा देईल, आणि पलीकडे कुणीतरी उभं असेल.

"तो माझा आहे," मास्तर म्हणाले.

प्राचार्य मोठ्याने हसले. "म्हणजे मास्तरांनी शिकवलेला! त्यांना पोरांचा फार अभिमान."

"नाही. माझा. माझ्या हातचा. जाडी मोजा."

टूलरूम-प्रमुखाने खिशातून व्हर्नियर काढला. दहा पूर्णांक सात. त्याने शेजारचा मोजला. बारा. त्याने चष्मा काढला.

"किती वर्षं?"

"अकरा."

"चौदा नंबर?"

"त्याच्याकडेही हाच होता."

 टूलरूम-प्रमुखाने वही मिटली.

"मास्तर, तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. पण वर जाऊन काय सांगू? बाकीचे अठरा खरे आहेत? कशावरून?"

"मी समोर करायला लावतो. आत्ता. तुम्ही बसा."

"मी बसेन हो. सर्टिफिकेटवर सही तुमची, शिक्का तुमचा. अकरा वर्षं त्यावर आम्ही माणसं घेतली." त्याने नऊ नंबर हलकेच टेबलावर ठेवला, काचेचा असावा तसा. "हात मात्र देवाचा आहे तुमचा," तो म्हणाला आणि गेला.

प्राचार्य गाडीपर्यंत धावले आणि परत आले तेव्हा घामाने भिजले होते. "दोन वर्षं राहिली होती तुमची. गप्प बसला असतात तर हार घालून पाठवलं असतं. आता हे वर्कशॉपच बंद होणार. झालं समाधान?"

 मुलं एकेक करून निघून गेली. नऊ नंबरवाला सगळ्यांच्या आधी. स्टोअरकीपर किल्ल्या वाजवत दारापर्यंत आला, पण आत आला नाही.

ताई थांबली होती.

"मास्तर, माझा जॉब बघितला का हो त्यांनी?"

"नाही. सतरापर्यंत आलेच नाहीत."

मास्तरांनी तिचा जॉब उचलला आणि खिडकीसमोर धरला. मधून काही दिसत नव्हतं. केसाएवढंही नाही.

"चांगला झालाय," ते म्हणाले. "पहिल्या चारात होता."

"ते मला ठाऊक आहे. पण लिहून कोण देणार?" तिने पिशवी खांद्याला लावली. "अकरा वर्षं गप्प बसलात. सांगायचं होतं तर पहिल्याच वर्षी सांगायचं होतं. मी दुसरीकडे कुठेतरी शिकले असते."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं.  दाराशी तिने सवयीने चपला सरळ केल्या आणि गेली.

दुपार कलली. मास्तरांनी नऊ नंबरचे तुकडे वेगळे केले, जिभेचा तुकडा वाइसमध्ये धरला आणि सगळ्यांत मोठी कानस उचलली. वाकडी मारायची, ओबडधोबड, की पुन्हा कुणाच्या नंबराचा म्हणून तो उभा राहता कामा नये. त्यांनी मनगट मुद्दाम कलतं ठेवून पाहिलं. कानशीच्या पुढच्याच हाताला ते आपोआप सरळ झालं. पुन्हा कलतं केलं, पुन्हा सरळ. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि जशी येते तशी मारत राहिले, पाय रोवून, लांब, एका लयीत. वाइसखाली कीस साचत गेला.

दारात त्यांची मुलगी उभी होती. जेवायच्या सुट्टीत ते घरी आले नाहीत म्हणून ती कामावर परत न जाता इकडे आली होती. तिला कुणी काही सांगितलं होतं की नव्हतं, चेहऱ्यावरून कळत नव्हतं. ती त्याच बाकावर बसली.  काही वेळाने मास्तरांच्या लक्षात आलं, तिचे ओठ हलत होते. ती हात मोजत होती.

मास्तर थांबले. त्यांनी तुकडा पुसला, दुसऱ्यात बसवला आणि तिच्यापुढे केला.

"बघ."

तिने तो खिडकीसमोर धरला. ऊन आता समोरून आत येत होतं. तिने एक डोळा मिटला आणि बराच वेळ उघडला नाही.

"दिसतोय, बाबा."

मास्तरांनी तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. उजेडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. सरळ, आणि सगळीकडे सारखी.